पिंगळीचा नकाशा

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला कुणी शिकवावी लागत नाही. (दुसरीही एक आहे, ‘बनी तो बनी, नहीं तो परभनी’, पण ती आम्ही परक्यांसमोर फारशी काढत नाही.) या म्हणीच्या दोन्ही टोकांना पाय ठेवून उभे राहण्याचा योग मात्र थोड्यांच्याच वाट्याला येतो. माझे माहेर परभणीजवळच्या पिंगळीचे, आणि गेली बारा वर्षे बिऱ्हाड जर्मनीत, श्टुटगार्ट शहरी. तेव्हा ‘आमची ही म्हणीत राहते’ असे आमचे हे चारचौघांत सांगतात आणि स्वतःच हसतात.

आम्हाला दोन मुले. थोरली आठ वर्षांची, धाकटा पाच. दोघांचाही जन्म तिकडचा. परदेश म्हणजे काय रे, असे कुणी विचारले तर धाकटा क्षणाचाही विचार न करता सांगतो, ‘‘आजीचं गाव.’’ पहिल्यांदा हे ऐकले तेव्हा मला राग आला होता. नंतर वाटले, पोर खोटे काय बोलले? जिथे जायला विमान लागते, जिथले लोक आपल्याकडे वळून वळून बघतात आणि जिथले पाणी उकळून प्यावे लागते, त्याला दुसरे काय म्हणायचे?

परक्या मुलखात लहान मुलांना घेऊन वस्ती पायी हिंडायची विद्या मी श्टुटगार्टातच शिकले. थोरली दोन महिन्यांची होती, भाषा येत नव्हती, ओळखीचे कुणी नव्हते. बाबागाडी ढकलत मी रोज एक नवी गल्ली धुंडाळीत असे. पाव भाजणाऱ्याचे दुकान कुठे, खेळायचे मैदान कुठे, कुठल्या घरच्या म्हातारीला बाळ बघून हसू येते, याचा एक नकाशा हळूहळू डोक्यात तयार झाला. आठ-दहा महिन्यांनी एके दिवशी लक्षात आले की आपण रस्ता न बघता घरी आलो. त्या दिवसापासून ते गाव मला माझे वाटू लागले.

तिकडे शाळेतही हा प्रकार फार. पहिलीतली पोरे आईबापांचे बोट सोडून शाळेत पायी जातात, आणि आपला शाळेचा रस्ता त्यांना कागदावर काढावा लागतो. २०२४ च्या डिसेंबरात नाताळच्या सुट्टीसाठी मी मुलांना घेऊन इकडे यायला निघाले (ह्यांना रजा नव्हती), तेव्हा थोरलीच्या बाईंनी तिला काम नेमून दिले : सुट्टीत जिथे राहशील त्या वस्तीचा नकाशा काढून आण. फोनवरून उतरवायचा नाही. स्वतः चालायचे, पावले मोजायची, आणि मग काढायचा.

‘‘पिंगळीत काढण्यासारखं काय आहे?’’ असे मीच म्हणाले. गावच्या लेकीने असे म्हणावे याची आता शरम वाटते.

मुंबईहून रात्री देवगिरी एक्सप्रेसमध्ये बसलो ते पहाटे परभणीला उतरलो. पिंगळी हे परभणीहून पूर्णेकडे जाताना लागणारे पहिलेच स्टेशन. हा लोहमार्ग निजामाच्या अमदानीतला. मनमाड ते सिकंदराबाद अशी ही हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे १९०० साली पुरी झाली. तेव्हा ती मीटर गेज होती, आणि माझ्या लहानपणापर्यंत तशीच होती. आता रुंद रूळ आहेत, दुहेरी मार्ग आहे, वर विजेच्या तारा आहेत; पण मोठ्या गाड्या पिंगळीला धुरळा उडवून पुढे जातात, तेवढे मात्र जुन्यासारखेच. आम्ही परभणीहून ऑटो केला. धाकटा थंडीने माझ्या शालीत शिरला होता. दोन्ही बाजूंना काळी जमीन, वेचणीला आलेला कापूस, तूर, आणि मधूनमधून कणसाला आलेली शाळू ज्वारी. ‘‘आई, माती जळली आहे का?’’ त्याने विचारले. त्याने इतकी काळी माती कधी पाहिली नव्हती.

आई ढाळजेत उभी होती. (शहरी वाचकांसाठी सांगते : ढाळज म्हणजे आमच्याकडच्या घरांत दिंडी दरवाजाला लागून असलेली बैठकीची जागा. पाहुणा घरचा की बाहेरचा, हे तिथेच ठरते.) तिने दोघांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, डोळ्यांना पाणी लावले आणि मग मला म्हणाली, ‘‘वाळलीस गं माय.’’ मी गेल्या खेपेपेक्षा सहा किलोंनी वाढले होते.

आमचे घर माळवदाचे. मातीच्या जाड भिंती, वर लाकडी तुळयांवर अंथरलेली पांढरी माती. भिंतीत धान्याचे बळद, अंगणाच्या कोपऱ्यात बुजवलेले पेव. वडील गेल्यापासून आई तिथे एकटीच असते. भाऊ पुण्याला; तो दर सणाला म्हणतो, चल. ती दर सणाला म्हणते, बघू.

दुसऱ्या दिवशी थोरली भल्या पहाटे उठली. विमानप्रवासाने झोपेचे वेळापत्रक बिघडलेले. बाहेर खराट्यांचा आवाज येत होता. ती दारात जाऊन उभी राहिली आणि धावत आत आली. ‘‘आई, आज सगळ्यांचीच पाळी आहे!’’

हे समजायला श्टुटगार्टची एक चाल ठाऊक असावी लागते. तिकडच्या श्वाबेन प्रांतात ‘केअरवोखे’ नावाचा एक प्रकार आहे. इमारतीत राहणाऱ्या प्रत्येक बिऱ्हाडाने आठवडा आठवडा पाळीने जिना आणि दारापुढचा रस्ता झाडायचा. ज्याची पाळी त्याच्या दाराला एक छोटी पाटी लटकते. ही शिस्त पंधराव्या शतकापासूनची असल्याचे तिथले लोक अभिमानाने सांगतात. पाटी दाराला असताना कुणी झाडले नाही तर शेजारीण काही बोलत नाही, पण तिचे न बोलणे चार दिवस ऐकू येते. आमच्या पोरीला वाटले, पिंगळीत सगळ्या दारांना एकदमच पाटी लागली!

‘‘इथं पाळी नसते,’’ मी म्हणाले. ‘‘रोज झाडायचं. सडा घालायचा.’’

‘‘आणि पाटी?’’

‘‘पाटी नाही.’’

‘‘मग त्यांना कसं कळतं?’’

याचे उत्तर मला देता आले नाही. तोवर आईने तिच्या हातात रांगोळीचा डबा दिला होता.

नकाशाचे काम त्याच सकाळी सुरू झाले. पुढे थोरली, हातात पाठ्या कागद आणि पेन्सिल, ओठांनी पावले मोजत, मागे धाकटा, त्याच्यामागे गल्लीतली सहा-सात पोरे, आणि शेवटी मी. दर चार घरांमागे मोजणी मोडायची, कारण ओट्यावरून हाक यायची. ‘‘कोनाची गं लेकरं? आगं बया, जर्मनीची का! कवा आलाव?’’ मग चहा. तिसऱ्या घरी मी नको म्हटले, तर त्या काकू म्हणाल्या, ‘‘त्यांच्याकडचा घेतलास ना? मग आमच्यात काय काटे हायेत?’’ चहा झाला. सात घरांत सात चहा झाले. तिकडे कुणाच्या घरी जायचे तर पंधरा दिवस आधी दिवस आणि तास ठरवावा लागतो, आणि इकडे दारावरून चालत जाण्याचीसुद्धा सोय नाही. दोन्हींत कोणता जाच मोठा, हे माझे अजून ठरलेले नाही.

त्या घरांतून आमच्या मुलीच्या मराठीची फार करमणूक झाली. ती घरी मराठीच बोलते, पण डोक्यात जर्मन असते. गंमत अशी की जर्मन भाषेतही मराठीसारखीच तीन लिंगे आहेत, फक्त वाटणी निराळी. त्यांच्याकडे ‘मुलगी’ हा शब्द नपुंसकलिंगी! त्यामुळे शेजारच्या छोट्या मुलीकडे बोट दाखवून आमची थोरली म्हणाली, ‘‘ते मुलगी माझ्याकडे बघून हसलं.’’ ओटाभर बाया हसल्या. ‘‘आगं, ते नाही बाई, ती म्हनावं, ती!’’ पोरगी कानकोंडी झाली. तेवढ्यात त्यांतलीच एक म्हातारी तिच्याकडे बघून कळवळून म्हणाली, ‘‘नका गं हसू, लेकरू भुकेलं असंल.’’

थोरलीचा चेहरा एकदम उजळला. ‘‘बघ! त्या आजी पण मला ‘ते’ म्हणाल्या!’’

त्यानंतर ती कुणापुढे बोलायला लाजली नाही.

संध्याकाळी आम्ही पिंगळेश्वराच्या देवळाकडे आणि बारवेकडे गेलो. ही बारव माझ्या लहानपणी आम्हाला भीती दाखवायला उपयोगी पडे. ‘बारवेकडे जाशील तर बघ’ एवढेच तिच्याविषयी आम्हाला माहीत. आज तिचे नाव दूरवर गेले आहे. महाराष्ट्रातल्या बारवा साफ करून त्यांची नोंद ठेवण्याची ‘महाराष्ट्र बारव मोहीम’ रोहन काळे यांनी सुरू केली. महाशिवरात्रीला ठिकठिकाणच्या बारवांच्या पायऱ्यांवर पणत्या लागू लागल्या. टपाल खात्याने महाराष्ट्रातल्या बारवांची चित्रे असलेली कार्डे काढली, त्यांत आमच्या परभणी जिल्ह्यातल्या बारवा आहेत, आणि त्यांत पिंगळीची आहे. हे मला श्टुटगार्टात बसून कळले. घराजवळची वस्तू दिसायला कधी कधी एवढ्या लांब जावे लागते.

जुन्या शिल्पग्रंथांत बारवांची नावेसुद्धा किती सुंदर आहेत : उतरायला एक वाट असेल तर नंदा, दोन असतील तर भद्रा, तीन तर जया, आणि चारी बाजूंनी वाट असेल तर विजया. मी हे मुलांना सांगितले, तर धाकट्याने विचारले, ‘‘आणि वाटच नसेल तर?’’

‘‘मग ती विहीर,’’ मी म्हणाले.

दगडी पायऱ्यांवर संध्याकाळची तिरपी उन्हे होती. भिंतीतल्या कोनाड्यांत, ज्यांना देवकोष्ठे म्हणतात, पारव्यांची कुजबुज चालली होती. मी दोघांची मनगटे घट्ट धरून पाण्यापासून बऱ्याच वर थांबले. पायऱ्या मोजण्यावरून भांडण झाले. इथे पुन्हा एक जुळणी निघाली, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. जर्मन माणूस एकवीस म्हणताना ‘एक आणि वीस’ म्हणतो, बावीस म्हणताना ‘दोन आणि वीस’. इंग्रजी शिकलेल्यांना तो आकडा उलटा वाटतो. मराठी माणसाला नाही, कारण आपले एकवीस-बावीसही तसेच. त्यामुळे धाकटा जर्मनीत मोजत होता आणि बरोबरची पोरे मराठीत, तरी दोन्ही मोजण्या एकाच ठेक्यात चालल्या होत्या. उत्तरे मात्र दर खेपेला निराळी आली. थोरलीने शेवटी कागदावर पायऱ्या काढल्या आणि शेजारी लिहिले, ‘पुष्कळ’.

तिसरा दिवस शेतात गेला. हुरड्याचे दिवस होते. चुलतभावाने शेतात आगटी पेटवली, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसे भाजली आणि गरम कणसे तळहातांवर चोळून हिरवे दाणे पोरांच्या ओंजळीत ओतले. सोबत जवसाची चटणी, गूळ, आणि दही. धाकटा पहिले दोन दिवस भाकरीला हात लावत नव्हता; हुरडा मात्र त्याने पोट फुटेस्तोवर खाल्ला. आई त्याच्याकडे बघत होती. म्हणाली, ‘‘खा बाबा. तुझ्या आजीनं अमेरिकेची लाल ज्वारी खाल्लीय.’’

ती गोष्ट मी लहानपणी शंभरदा ऐकली होती, मुलांनी पहिल्यांदा ऐकली. १९७२ चा दुष्काळ. आई त्याच वर्षी लग्न होऊन पिंगळीत आली. घरची अठरा एकर जमीन, आणि तीत कुसळ उगवले नाही. हळद उतरायच्या आत ती सासूबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. अमेरिकेतून आलेली मिलो नावाची लाल ज्वारी रेशनवर मिळे. तिची भाकरी थापता थापता तुटायची. कामावर सुकडी वाटायचे. ‘‘गावच्या सगळ्या बाया होत्या,’’ आई म्हणाली. ‘‘हातोडी सगळ्यांची सारखीच.’’

थोरलीने विचारले, ‘‘सगळ्या म्हणजे किती?’’

‘‘सगळ्या म्हंजे सगळ्या.’’

चौथ्या दिवशी दुपारी नकाशा जवळजवळ पुरा झाला होता. थोरली माळवदावर बसून रंग भरत होती. देऊळ, बारव, शाळा, पिठाची गिरणी, पंक्चरवाल्या चाचांची टपरी, सात चहांची सात घरे. स्टेशनकडे जाणारी वाट. मी वर गेले तेव्हा ती कागद आणि गाव आळीपाळीने बघत होती.

‘‘आई, इथं काय आहे?’’ तिने बोट दाखवले. गावाच्या एका कडेला, रस्त्यापलीकडे, पत्र्यांची काही घरे, काही नवी पक्की घरे, एक निळा झेंडा. कागदावर त्या जागी पांढरे होते.

मी उत्तर द्यायच्या आत खालून, अंगणातून, आईच म्हणाली, ‘‘तिकडं काही नाही.’’

‘‘आहे. घरं आहेत. मला दिसतायत.’’

आई आत निघून गेली. मीही काही बोलले नाही. बोलायला हवे होते, कारण मला ठाऊक होते. ती गावची दलित वस्ती. माझ्या वर्गातली एक मैत्रीण तिथून यायची. एका बाकावर बसून आम्ही पाढे म्हटले. ती आमच्या ढाळजेपर्यंत यायची, त्याच्या आत नाही; तिला प्यायला पाणी वरून ओतले जायचे आणि ते मी ओतायची. १४ जानेवारी १९९४ ला मराठवाडा विद्यापीठाच्या नावात बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आले, तेव्हा मी चौथीत होते. ‘त्या बाजूला खेळायला जाऊ नका’ एवढेच त्या दिवसांत आम्हाला घरातून सांगितले होते. आम्ही गेलो नाही. नंतरही कधी गेलो नाही. परभणीला कॉलेजात गेले, मुंबईला गेले, समुद्रापलीकडे गेले. त्या रस्त्यापलीकडे मात्र नाही.

यानंतर तासाभराने धाकटा हरवला.

आई आणि मी बळदातली जुनी भांडी काढत होतो. तो ढाळजेत शेजारच्या पोरांबरोबर होता. हाक मारली तर ओ नाही. शेजारी नाही, देवळात नाही. माझ्या डोळ्यांसमोर बारवेचे हिरवे पाणी उभे राहिले. श्टुटगार्टात असते तर काय करायचे, कुणाला फोन करायचा, हे मला पाठ होते. इथे जन्मलेली मी, आणि हातपाय गळून अंगणात उभी राहिले. गल्लीतली दोन पोरे न सांगताच बारवेकडे पळाली होती, तिसरे स्टेशनच्या वाटेला.

वरून थोरलीने हाक मारली. ‘‘आई, मला दिसला! एका शेळीच्या पिलामागे गेला.’’

‘‘कुठं?’’

‘‘माझ्या नकाशात जिथं काही नाही ना, तिथं.’’

मी पळत सुटले. मागे वळून बघते तो आईही चप्पल अडकवून निघालेली. गुडघे दुखतात म्हणून जी देवळापर्यंतही रिक्षाने जाते, ती. मागून थोरली, हातात कागद, ओठांनी पावले मोजत. रस्ता ओलांडल्यावर दोन वाटा फुटत होत्या. आई थांबली. ‘‘कोनती गं?’’ तिने मला विचारले. बावन्न वर्षे या गावात काढलेली बाई मला वाट विचारत होती, आणि मलाही ती ठाऊक नव्हती.

हातपंपावरच्या एका पोराने वाट दाखवली. तिसऱ्या घरासमोर बाजेवर आमचे चिरंजीव बसले होते. मांडीवर शेळीचे पांढरे-काळे पिलू, हातात भाकरी-गुळाचा काला, तोंड चिकट. ज्या भाकरीला त्याने घरी दोन दिवस हात लावला नव्हता तीच. शेजारी आईच्याच वयाची एक बाई त्याला शेंगा सोलून देत होती. मला बघून ती उठली. ‘‘घाबरलाव व्हय? म्या निरोप धाडलाय की पोराकडं. हे लेकरू नावच सांगंना, नुसतं ‘आजी आजी’ म्हनतंय. म्हनलं, बस मग, मी बी आजीच हाय.’’

मी त्याला उचलून छातीशी धरले, रागावले, रडले, सगळे एकदमच. हे होईपर्यंत आई बाजेजवळ उभीच होती.

‘‘बसा बाई,’’ ती बाई म्हणाली. मग जरा थांबून, निरखून, ‘‘बहात्तरला खडीवर व्हता ना तुमी? नव्या नवरी. हातात हिरवा चुडा व्हता, अन् हातोडी धरता येत नव्हती.’’

आईने तिच्याकडे पाहिले. पुष्कळ वेळ पाहिले. ‘‘तू... तुम्ही मला चिंधी बांधून दिली होती. हाताला.’’

‘‘फोड आले व्हते तुमाला.’’

‘‘आले होते.’’

त्यापुढे दोघींनाही काही बोलायचे सुचेना. जेवायच्या सुट्टीत त्या दोघी कुठे कुठे बसत असतील, ते मला न सांगता कळत होते. आतून तिच्या सुनेने स्टीलच्या पेल्यांतून चहा आणला. पेले आमच्यासमोर धरले, आणि ती किंचित थांबली. आपण देतोय ते घेतले जाईल की नाही अशी थांबण्याची तिला लहानपणापासून सवय असावी. मी माझा पेला घेतला. आईचा तिच्या हातातच होता.

तेवढ्यात धाकटा बाजेवर सरकला आणि म्हणाला, ‘‘आजी, तू पण बस ना. जागा आहे.’’

आई बसली. पेला घेतला. फुंकर घालून एक घोट घेतला, आणि म्हणाली, ‘‘साखर लई झाली.’’

‘‘आमच्या सुनेचा हात तसाच हाय,’’ ती बाई म्हणाली, आणि दोघी हसल्या.

हे लिहिताना मला भीती वाटते, की वाचणाऱ्याला वाटेल एका पेल्याने सगळे धुऊन निघाले. तसे काही झाले नाही. त्या वस्तीतल्या माझ्या मैत्रिणीची मी चौकशी केली. ती औरंगाबादेला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, शाळेत शिकवते असे कळले. तिचा नंबर मिळाला. मी अजून फोन केलेला नाही. पहिले वाक्य काय बोलायचे ते ठरत नाही. आणि आमच्या गल्लीत संध्याकाळी एका ओट्यावरून ‘‘तिकडं च्या प्यायला म्हनं?’’ असा प्रश्न आलाच. आईने ऐकले न ऐकल्यासारखे केले.

थोरलीने तेवढ्या वेळात हातपंप, झेंडा, विहाराची कमान आणि ‘शेळीचं घर’ कागदावर उतरवून घेतले होते. रात्री जेवणे झाल्यावर आईने चष्मा लावला आणि नकाशा दिव्याखाली धरला. आपले घर शोधले. मग बोट हळूहळू रस्त्यापलीकडे नेले.

‘‘एवढंच हाय व्हय अंतर? चुकलं नाही ना तुझं?’’

‘‘दोनशे चौदा पावलं, आजी. मी दोनदा मोजलं. जाताना आणि येताना. पण ती माझी पावलं. तुझी कमी होतील.’’

आईने चष्मा काढला आणि काचा पदराने पुसत बसली.

आम्ही चार जानेवारीला निघालो. निघताना थोरलीने नकाशाची एक नक्कल आजीसाठी काढून स्वयंपाकघरात, फडताळाच्या दाराला चिकटवली. मूळ कागद श्टुटगार्टच्या शाळेत महिनाभर भिंतीवर होता. बाईंनी तिला विचारले, या सात घरांवर कपाचे चित्र का? तिने सांगितले, तिथे चहा प्यावाच लागतो. मग आठव्यावरही कप आहे, पण त्याला वेगळा रंग का? त्यावर तिने काय सांगितले, ते तिने मला सांगितलेले नाही.

आईशी फोनवर दर रविवारी बोलणे होते. पुण्याला जाण्याचे अजून ‘बघू’च आहे. पाऊस, तुरीचा भाव, गुडघे, कुणाच्या घरचे लग्न, असे सगळे झाले की मुलांना फोन द्यावा लागतो. फेब्रुवारीत एके रविवारी ती थोरलीला म्हणाली, ‘‘त्या नकाशात एक चुकलंय बघ. त्या शेळीच्या घराच्या मागल्या अंगाला एक लिंबाचं झाड हाय, ते तू दाखवलंच नाही.’’

थोरलीने फोन तसाच कानाला लावून ठेवला, आणि पेन्सिल आणायला मला खूण केली.